लंडनची तिकिटं आणि हीथ्रोची ये-जा: काही महिन्यांच्या वापरानंतर

लंडनला यायचं ठरलं की घरच्यांचा पहिला फोन व्हिसाबद्दल येतो आणि दुसरा पासबद्दल. "अगं, तिथे तो ट्रॅव्हल पास मिळतो ना, तो इथूनच काढून ठेवू का?" माझं उत्तर आता ठरलेलं आहे. इथूनच काय, तिथे उतरल्यावरही लगेच कुठला पास काढू नका. मी कामानिमित्त लंडनच्या हॅरो भागात राहते, रोज ट्यूबने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जाते-येते. या काही महिन्यांत आई-बाबा आणि मावशी-काका येऊन गेले, मैत्रिणीचं चौघांचं कुटुंब येऊन गेलं. त्यांना विमानतळावरून आणणं, फिरवणं आणि परत पोचवणं माझ्याकडेच होतं, त्यामुळे रोज ऑफिसला जाणाऱ्याला कधी पडत नाहीत असेही प्रश्न मला पडले. खालचे दर २०२५ चे आहेत. ते दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्याआधी एकदा नवे आकडे बघून घ्या. हिशेबाची पद्धत मात्र तीच राहते.

आधी शहरातलं. ट्यूबच्या गेटवर पिवळं गोल रीडर असतं. त्यावर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवायचं, गेट उघडतं. उतरताना पुन्हा टेकवायचं. झालं तिकीट. खरी गंमत दिवसाच्या कमाल मर्यादेत आहे. भाड्यासाठी लंडनचे झोन पाडले आहेत, झोन १ म्हणजे शहराचा मधला भाग. तिथली गर्दीच्या वेळची एक फेरी २.९० पौंडांची, आणि झोन १ व २ मिळून दिवसाची मर्यादा ८.९० पौंडांची. तीन फेऱ्यांचे ८.७० होतात. चौथीला फक्त २० पेन्स कापले जातात आणि पाचवीपासून त्या दिवशी काहीच नाही. ही बेरीज यंत्रणा स्वतः करते, आपण काही निवडायचं नसतं. कागदी डे ट्रॅव्हलकार्ड अजून मिळतं, पण ते या मर्यादेहून बरंच महाग पडतं. ज्याला रोज टेकवायचंच आहे त्याने ते का घ्यावं, याला माझ्याकडे उत्तर नाही. दिवस पहाटे साडेचारला बदलतो, त्यामुळे रात्री उशिरा नाटक बघून परतलात तरी ती फेरी त्याच दिवसात धरली जाते.

आठवड्याचीही अशीच मर्यादा आहे, झोन १-२ साठी ४४.७० पौंड. पण ती सोमवार ते रविवार मोजली जाते. आपली मंडळी सोयीचं विमान बघून गुरुवारी उतरतात आणि पुढच्या बुधवारी निघतात, म्हणजे मुक्काम दोन आठवड्यांत विभागला जातो आणि साप्ताहिक मर्यादा गाठलीच जात नाही. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, ऑयस्टर कार्डावर, म्हणजे लंडनच्या प्रवासासाठी आधी पैसे भरून वापरायच्या कार्डावर, सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड घालून घ्यावं. किंमत तीच ४४.७०, पण ते कुठल्याही वारापासून सुरू करता येतं. पाच दिवस रोज मर्यादा गाठली तर ४४.५० होतात, म्हणजे पाच दिवसांच्या मुक्कामाला त्याचा उपयोग नाही. सहा-सात दिवस आणि रोज भरपूर भटकंती असेल तरच ते परवडतं. शिवाय ज्येष्ठ मंडळी रोज चार फेऱ्या मारत नाहीत. बाबा एका संग्रहालयात शिरले की संध्याकाळीच बाहेर यायचे. त्यांची मर्यादा क्वचितच गाठली गेली, पास घेतला असता तर पैसे वायाच जाते.

आता आपल्याकडच्या कार्डांचं, कारण इथेच भारतातून येणाऱ्यांची अडचण होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी चालू असतं. परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही आपण बँकेच्या अॅपमध्ये स्वतः चालू करायचे असतात. विमानात बसण्याआधीच ते करा. रुपे कार्ड या गेटवर चालत नाही. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्स्प्रेस हवं. टेकवताना ओटीपी लागत नाही, त्यामुळे भारतातलं सिम बंद असलं तरी अडत नाही. पैसे फेरीगणिक कापले जात नाहीत, दिवसभराची एकच रक्कम नंतर कापली जाते.

बऱ्याच बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार लावतात, वर त्यावर जीएसटी. हे ऐकून लोक ऑयस्टरकडे वळतात. पण ऑयस्टरमध्ये पैसे भरायला तेच भारतातलं कार्ड वापरलंत तर तो आकार तिथेही लागतो. शिवाय ऑयस्टरची स्वतःची किंमत वेगळी, आणि ती परत मिळत नाही. साठ पौंडांच्या प्रवासावर साडेतीन टक्के म्हणजे दोन पौंडांहून थोडं जास्त. तेवढ्यासाठी वेगळं कार्ड विकत घेणं मला पटत नाही. पौंड भरून आणलेलं कॉन्टॅक्टलेस फॉरेक्स कार्ड हा मला सगळ्यांत चांगला मार्ग वाटला. मावशी-काकांनी तसंच आणलं होतं, दोघांची दोन कार्डं.

हे "दोघांची दोन" फार महत्त्वाचं आहे. एका कार्डावर एकाच वेळी दोघं जाऊ शकत नाहीत. आपल्याकडे घरात एकाचं कार्ड आणि बाकी सगळे त्याच्या मागे, अशी सवय असते. इथे प्रत्येकाच्या हातात स्वतःचं काहीतरी हवं, आणि दिवसभर तेच हवं. आत जाताना प्लास्टिकचं कार्ड आणि बाहेर पडताना त्याच खात्याला जोडलेला फोन टेकवला तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी समजते, दोन्हीकडे अर्धवट प्रवास दिसतो आणि दोन्हीकडे कमाल भाडं लागतं. म्हणून मी पाहुण्यांना पहिल्याच दिवशी एक कार्ड ठरवून देते आणि ते पाकिटाबाहेर वेगळ्या कप्प्यात ठेवायला सांगते. पाकीटच टेकवलं की आतली दोन-तीन कार्डं एकदम वाचली जातात आणि भलत्याच कार्डाचे पैसे कापले जाऊ शकतात. मावशी कार्ड टेकवून लगेच हात मागे घ्यायची आणि गेट उघडायचं नाही. वेंब्ली पार्कला तिच्या शेजारी उभी राहून मी सांगितलं, "मावशी, दिवा हिरवा होईपर्यंत टेकवूनच ठेव." मग पुढे काकांना तीच शिकवायला लागली.

ऑयस्टर मला दोनच ठिकाणी खरंच उपयोगाचं वाटलं. एक, ज्याच्याकडे चालणारं कार्डच नाही असा माणूस. दुसरं, ११ ते १५ वयाची मुलं. त्यांना भेट देणाऱ्या पाहुण्यांसाठीची सवलत स्टेशनवरचा कर्मचारी ऑयस्टरवर लावून देतो आणि १४ दिवसांपर्यंत मोठ्यांच्या निम्मं भाडं पडतं. मूल बरोबर असावं लागतं. मैत्रिणीच्या मोठ्या मुलाला असंच केलं. धाकटी ११ च्या आतली, ती ट्यूबवर तिकीट असलेल्या मोठ्या माणसाबरोबर फुकट आणि बसमध्येही फुकट. बाबांनी ज्येष्ठांच्या सवलतीबद्दल लगेच विचारलं. महाराष्ट्रात एसटीने ७५ पुढच्यांना मोफत प्रवास मिळतो, त्यामुळे प्रश्न साहजिक होता. पण इथला साठ वर्षांपुढचा पास लंडनमध्ये राहणाऱ्यांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही.

बसबद्दल मी भरभरून लिहीन. भाडं १.७५ पौंड, कितीही लांब जा. पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस पकडलीत तर तिचे वेगळे पैसे नाहीत. रोख चालत नाही, २०१४ पासूनच बंद आहे. चढताना टेकवायचं, उतरताना नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी ट्यूबच्या लांबलचक बोगद्यांपेक्षा बस कितीतरी बरी. ट्रॅफल्गर स्क्वेअरहून १५ नंबर पकडली की सेंट पॉल्स आणि टॉवर ऑफ लंडन दोन्ही होतात, तेही खिडकीतून शहर बघत. आईला वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळाली त्या दिवशी तिने उतरायलाच नकार दिला.

झोन बघून बेत आखले तर पैसे वाचतात. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. त्याचं जवळचं स्टेशन चॉक फार्म, झोन २, म्हणजे ८.९० च्या मर्यादेतच. १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला, झोन ३ मध्ये. त्या दिवशी मर्यादा १०.५० होते.

आता हीथ्रो विमानतळ. इथे सगळे दर बघून ठरवतात आणि मला तेच चुकीचं वाटतं. बॅगा किती, कोणाचे गुडघे कसे आणि मुक्काम नेमका कुठे, हे आधी बघा.

ट्यूबची पिकॅडिली लाइन मध्यवर्ती लंडनपर्यंत ५.८० पौंड, पाऊण तास ते तासभर. डबे लहान, बॅगा ठेवायला वेगळी जागा जवळजवळ नाही. प्रत्येकी एक बॅग आणि हॉटेल अर्ल्स कोर्टला असेल तर मी हीच सांगेन, कारण तिथे रस्त्यापर्यंत लिफ्ट आहे. पण साउथ केन्सिंग्टनला याच लाइनवर उतरलात तर बॅगा उचलून जिने चढावे लागतात. नकाशात व्हीलचेअरची खूण असलेलं स्टेशनच निवडा. निळ्या गोलात पांढरी खूण म्हणजे रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलात निळी असेल तर फलाटापर्यंत सोय आहे, पण गाडीत चढताना पायरी किंवा फट असते.

एलिझाबेथ लाइन २०२२ मध्ये सुरू झाली. झोन १ पर्यंत १३.९० पौंड. प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट, रुंद डबे, पॅडिंग्टन स्टेशन अर्ध्या तासात, आणि गाडी तशीच पुढे टॉटनहॅम कोर्ट रोड, लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत जाते. आई-बाबांना मी हिनेच आणलं आणि पुन्हाही हिनेच आणेन. त्याच दिवशी पुढे फिरलात तर सहा झोनची १६.३० ची मर्यादा लागू होते, म्हणजे वर फार तर २.४० जातात.

हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचते, ऐनवेळचं भाडं २५ पौंड. ती पॅडिंग्टनलाच संपते, पुढे बॅगा घेऊन गाडी बदलावी लागते. हॉटेल पॅडिंग्टनलाच असेल आणि आगाऊ स्वस्त तिकीट मिळालं असेल तरच तिचा विचार करा. आणि इथे जरा लक्ष द्या. टर्मिनल २-३ च्या स्टेशनवर एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ एकाच फलाटावरून सुटतात, दोन्ही पॅडिंग्टनला जातात आणि कार्ड दोन्हीकडे चालतं. फलाटावरच्या पाटीवर आणि डब्यावर 'एलिझाबेथ लाइन' हे नाव बघा, ते दिसलं तरच चढा. एक्स्प्रेसमध्ये बसलात तर तिचंच भाडं कापलं जाईल.

मैत्रिणीच्या कुटुंबासाठी मात्र आधी ठरवलेली खासगी टॅक्सी बरोबर ठरली. एलिझाबेथने माझ्यासकट तीन मोठ्यांचे आणि सवलत नसलेल्या मुलाचे मिळून पन्नासच्या वर गेले असते, कारण मुलाची सवलत लावायची तर आधी ऑयस्टर घ्या, कर्मचारी शोधा, आणि रात्रभराच्या विमानप्रवासानंतर कोणातच ते त्राण नव्हतं. टॅक्सी परवानाधारक आणि आधी बुक केलेलीच घ्या. टर्मिनलमध्ये जवळ येऊन "टॅक्सी?" विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका. रांगेतली काळी कॅब अगदी सुरक्षित, पण वाहतुकीत अडकली तर मध्यवर्ती लंडनपर्यंत शंभर पौंडांच्या आसपास जाऊ शकते.

आणि हॅरो-वेंब्लीकडे नातेवाइकांकडे उतरणार असाल, तर शहरात शिरूच नका. हीथ्रोच्या मध्यवर्ती बस स्टेशनवरून एसएल ९ ही सुपरलूप (जलद) बस थेट हॅरोला येते, त्याच १.७५ पौंडांत. बॅग एकेकच असेल तर मी स्वतः हीच पकडते. मोठ्या बॅगांचा ढीग असेल तर गर्दीच्या वेळी तिच्यात चढणं बाकीच्या प्रवाशांवर अन्याय होतो, तेव्हा मला कळवा, मी गाडी घेऊन येईन.