केप कोस्ट की एल्मिना? घानात एकाच किल्ल्याला वेळ असेल तर

घानाच्या राजधानीत, अक्राला, कामानिमित्त गेलेल्या आपल्या माणसांचा एक ठरलेला रविवार असतो. पहाटे गाडी निघते, सकाळी केप कोस्टचा किल्ला, मग काकुमच्या जंगलातला झुलता पूल, परत येताना एल्मिना, रात्री घरी. अक्रा ते केप कोस्ट साधारण १५० किलोमीटर, म्हणजे रहदारी धरून तीन-चार तास. एल्मिना तिथून आणखी १२-१३ किलोमीटर. नकाशावर हे सहज जमतं. पण माझं स्पष्ट मत आहे की एका दिवसात एकच किल्ला बघावा. दोन्ही किल्ल्यांत गुलाम म्हणून विकायच्या माणसांना कोंडायची तळघरं आहेत; दुसऱ्या तळघरात पोचेपर्यंत मन बधिर झालेलं असतं, आणि दोन तळघरांच्या मधल्या वेळात झुलत्या पुलावर फोटो काढणं निदान मला तरी जमलं नसतं.

प्रश्न उरतो, कोणता?

किल्ला म्हटलं की आपल्याला वेढा आणि लढाई आठवते. तो चष्मा इथे उतरवून ठेवा. या मुळात वखारी. तोफांची तोंडं समुद्राकडे आहेत, कारण धास्ती होती ती दुसऱ्या युरोपीय जहाजांची. ज्या जमिनीवर त्या उभ्या राहिल्या तिचं भाडं स्थानिक सरदारांना जात असे, आणि आतल्या मुलखातून माणसं पकडून किनाऱ्यापर्यंत आणणारे बहुतेक आफ्रिकी राजे आणि व्यापारीच होते. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत चढवलेली माणसं सुमारे सव्वा कोटी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतली लाखो या किनाऱ्यावरून गेली.

केप कोस्टची सुरुवात १६५३ मध्ये स्वीडिश व्यापाऱ्यांनी केली. पुढच्या दशकात तो इंग्रजांकडे गेला आणि ब्रिटिश गुलाम-व्यापाराचं इथलं मुख्य ठाणं झाला, तो १८०७ ची बंदी येईपर्यंत. इथली पुरुषांची तळघरं हा सगळ्यात जड भाग. उतरता बोळ, एकापुढे एक दालनं, उजेडाला छताजवळचे झरोके. पायाखालची जमीन निव्वळ दगडी नाही, त्यावर माणसांच्या मलमूत्राचा दबून कडक झालेला थर होता, हे गाइड सांगतो आणि मग सगळ्यांचं लक्ष आपापल्या बुटांकडे जातं. याच तळघरांच्या वर इंग्रजांचं प्रार्थनास्थळ होतं.

अंगणातली एक कबर चुकवू नका. फिलिप क्वाको हा केप कोस्टचाच मुलगा. शिकायला इंग्लंडला गेला, १७६५ मध्ये अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, धर्मगुरूपदाची दीक्षा मिळालेला पहिला आफ्रिकी ठरला आणि परत येऊन १८१६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, याच किल्ल्याचा धर्मगुरू राहिला. त्यातली चाळीसएक वर्षं खालची तळघरं भरत होती आणि रिकामी होत होती. तो वर कोणता उपदेश करत असेल, हा प्रश्न मला त्या दरवाजापेक्षा जास्त छळतो.

दरवाजा म्हणजे ‘परत न येण्याचा दरवाजा’, बंदिवानांना जहाजांकडे नेण्याचा. केप कोस्टला तो मोठा, दोन झडपांचा. उघडला की समोर कोळ्यांचा गजबजलेला किनारा, जाळी, होड्या, आरडाओरडा. बाहेरून त्याच दाराला ‘परतीचा दरवाजा’ म्हणतात. १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैकातून गुलामगिरी भोगलेल्या दोघांचे अवशेष आणले गेले, ते याच दारातून आत.

एल्मिनाचं दार म्हणजे भिंतीतली एक फट. एक माणूस, तोही उपासमारीने वाळलेला, जाईल इतकीच. आणि एल्मिनाची खरी ताकद हीच आहे: इथे वास्तूच बोलते. बायकांना कोंडलेल्या अंगणाच्या बरोबर वर गव्हर्नरचा सज्जा आहे. तिथून तो बाई निवडायचा, हे सांगायला फलक लागत नाही. शेजारी-शेजारी दोन कोठड्या आहेत. शिस्त मोडलेल्या सैनिकांच्या कोठडीत हवा येते. दुसरीच्या दारावर कवटी कोरलेली आहे, ती कोठडी बंड केलेल्या बंदिवानांना मरण्यासाठी.

एल्मिना जुनाही जास्त. पोर्तुगीजांनी तो १४८२ मध्ये बांधला, म्हणजे गोवा घेण्याच्या २८ वर्षं आधी. त्यांना हवं होतं सोनं. सुरुवातीला तर ते बेनिनकडून माणसं आणून इथल्या अकान व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात विकत. १६३७ मध्ये डचांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीजांच्या चर्चमध्ये बाजार भरवला आणि स्वतःसाठी वरच्या मजल्यावर नवं प्रार्थनाघर केलं. १८७२ मध्ये तो इंग्रजांना विकला. १८९६ मध्ये पकडलेला, आतल्या मुलखातल्या असांते राज्याचा राजा प्रेंपे यालाही इथेच कोंडलं होतं.

तर निवड अशी. विषय नवा असेल तर केप कोस्ट: आत संग्रहालय आहे, सगळा क्रम समजतो. थोडंफार वाचून गेला असाल तर एल्मिना. मी एकच निवडीन, तर एल्मिना. दोन्हीकडे पूर्वजांचा शोध घेत आलेले कृष्णवर्णीय अमेरिकन गट भेटतात. कुणी रडत असेल तर कॅमेरा खाली ठेवा, आणि तळघरातल्या पुष्पचक्रांशी सेल्फी नको.

‘मग सेनेगलचं गोरे (Gorée) बेट?’ तिथल्या राजधानीत, डकारला असाल तर जरूर जा. फेरीबोटीने वीसेक मिनिटं, बेटावर मोटारी नाहीत, आणि ‘गुलामांचं घर’ नावाच्या वास्तूतलं समुद्रावर उघडणारं दार विसरता येत नाही. पण त्या दारातून लाखो गेले, हा दावा इतिहासकार मान्य करत नाहीत. खडकाळ किनाऱ्यामुळे तिथून जहाजं भरणंच अवघड. ते स्मारक आहे, पुरावा नाही. केवळ या विषयासाठी देश निवडत असाल, तर घानाच.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दाखला घानात उतरताना लागतो आणि भारतात परतल्यावरही. नसला तर विलगीकरणात बसावं लागू शकतं.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना तळघरात नेऊ नका. एल्मिनाला समोरच्याच टेकडीवर सेंट जागोचा छोटा किल्ला आहे. एकाने मुलांना घेऊन तिथे बसावं, खाली बेन्या खाडीतल्या रंगीत होड्या मोजाव्यात. दुसऱ्याने आत जाऊन यावं, मग अदलाबदल.