टॉडलरचा वन-पीस वॉटरप्रूफ सूट: पानगळीत फिरायला जाणाऱ्यांनी घ्यावा का?

आधीच सांगते, हा सूट पावसासाठी घ्यायचा नसतो. पाऊस पडत असेल तर छत्री आहे, रेनकोट आहे, स्ट्रोलरचं कव्हर आहे, नाहीतर सरळ घरी बसता येतं. पण पानगळीच्या दिवसात ऊन छान पडलेलं असतं, हवा मस्त गार असते, आपण हौसेने पोरांना घेऊन बागेत जातो आणि जमीन मात्र दुपारपर्यंत ओलीच असते. पानांचा ढीग वरून कुरकुरीत दिसतो, आत हात घातला की गिच्च. बाक ओला, घसरगुंडी ओली, गवत ओलं. आणि दीड-दोन वर्षांचं पोरगं कुठे बसतं? तर तिथेच.

तर वस्तू अशी की मानेपासून घोट्यापर्यंत सलग सूट, डोक्याला टोपी, आतल्या कपड्यांवरून चढवायचा आणि चेन ओढली की पोरगं पॅक. काहीजण पडल (म्हणजे डबकं) सूट म्हणतात, काही रेनसूट. ब्रँड सांगत नाहीये कारण बरेच जण जवळपास सारखंच शिवतात आणि नावापेक्षा चेन कुठवर जाते, शिवण कशी आहे हे बघून घ्यायची वस्तू आहे ही. आमची पोरगी दोनच्या आसपास आहे, चालते कमी आणि बसते-उठते-लोळते जास्त, त्यामुळे टेस्टिंग भरपूर झालंय.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे माझी बडबड कमी झाली. आधी बागेत माझं अखंड चालू असायचं, तिथे नको ओलं आहे, उठ, अगं चिखल, हात काढ, आणि शेवटी कंटाळून तिला स्ट्रोलरमध्ये बांधून आम्हीच फिरायचो, म्हणजे आउटिंग आमचं आणि ती फक्त प्रवासी. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल आणि स्ट्रोलरमध्ये किंवा पाठीवर बांधून सलग तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका असं लिहिलंय. १८० मिनिटं ऐकून धडकी भरते, पण दिवसभरातली सगळी लुडबुड त्यात धरायची आहे, आणि बाहेर सोडलं की ती मिनिटं आपोआप भरतात. सूट घातला की मी तिला खाली सोडते आणि बाजूला उभी राहते. बस बाई, कुठे बसायचं तिथे बस.

आणि ही पोरं पडतात किती! २०१२ मध्ये पब्लिश झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १२ ते १९ महिन्यांच्या मुलांच्या मोकळ्या खेळाचे व्हिडिओ बघून मोजलं होतं, तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तेही घरात किंवा लॅबच्या प्लेरूममध्ये, ओल्या पानांवर नाही. ओली पानं म्हणजे साबणच. त्यामुळे पडल्यावर कपडे वाचणार का हा प्रश्न दिवसातून एकदा येणारा नाहीये, दर काही मिनिटांनी येणारा आहे.

आता कापड. टॅगवर ५,००० एमएम, १०,००० एमएम असं काहीतरी छापलेलं असतं आणि दुकानात कोणी नीट समजावून सांगत नाही. ते म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच खांब उभा केला तर पाणी आत झिरपायला लागेल, १०,००० म्हणजे १० मीटरचा खांब. तुम्ही म्हणाल एवढं कशाला लागतं, पाऊस काय १० मीटरचा दाब देतो का? पाऊस नाही देत पण गुडघे देतात. ढोबळ हिशोब करा, ११ किलोचं लेकरू दोन गुडघ्यांवर बसून चिखलात काडी खुपसतंय, एकेका गुडघ्याचा समजा १० चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकलाय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त, म्हणजे जवळपास साडेपाच मीटर पाण्याच्या खांबाएवढा दाब झाला. म्हणून कमी आकड्याचे सूट पावसात बरे वाटतात आणि बसल्यावर ढुंगण आणि गुडघे ओले निघतात. १०,००० च्या खाली घेऊ नका एवढंच माझं म्हणणं. आमचा १०,००० चा आहे, गुडघ्याला कापडाचा डबल थर आहे, आणि गुडघे कोरडे राहतात.

पाणी खरं येतं ते मनगटातून आणि बुटातून. डबक्यात हात घालून आत काय आहे ते शोधायचं असतं ना, मग बाही कोपरापर्यंत आतून ओली. याला कुठलाही सूट काही करू शकत नाही, मनगटाला घट्ट इलॅस्टिक असलं तर जरा कमी. मिटन्सवरून (बोटं वेगळी नसलेले हातमोजे) बाही ओढायची की बाहीवरून मिटन्स याचा मी खूप विचार केला, आणि नंतर तिने मिटन्स काढून फेकून देऊन तो प्रश्न सोडवला.

पायांचं मात्र यांनी छान केलंय. पँटच्या तळाशी रबराचा पट्टा आहे तो बुटाच्या खालून घ्यायचा, मग पँट वर सरकत नाही आणि पाणी वरून बुटात ओतलं जात नाही. पँट नेहमी बुटाच्या बाहेरून, आत खोचली की बूट म्हणजे बादली. हा पट्टा काढता-घालता येणारा असेल असाच सूट घ्या कारण खरखरीत जमिनीवर घासून सगळ्यात आधी तोच तुटतो, आमचा एका बाजूचा तुटलाच, आणि स्पेअर पट्टे वेगळे मिळाले म्हणून सूट वाचला.

चेनबद्दल मी तासभर बोलू शकते. वन-पीसचा शाप म्हणजे डायपर. गार वाऱ्यात बाकावर आडवं करून पूर्ण सोलून काढायचं आणि परत भरायचं, आणि लेकरू तोपर्यंत मासोळीसारखं वळवळतंय. त्यामुळे एकच चेन गळ्यापासून पोटापर्यंत असलेले सूट दिसायला गोड असले तरी घेऊ नका. दोन चेन हव्यात, दोन्ही बाजूंनी छातीपासून पार मांडीपर्यंत, गुडघ्यापर्यंत गेल्या तर सोन्याहून पिवळं. मग पुढचा भाग अख्खा उघडतो, पाय पटकन निघतात. चेनवर आतून कापडाची पट्टी आणि हनुवटीशी छोटं कव्हर आहे का बघा, नाहीतर गळ्याची कातडी अडकते आणि त्यानंतर सूट दिसला तरी पोरगं पळून जातं.

आणि ज्यांचं पॉटी ट्रेनिंग चालू आहे त्यांना सरळ सांगते, या सीझनला वन-पीस नको. शू आली म्हटल्यापासून तुमच्याकडे जेवढा वेळ असतो तेवढ्यात दोन चेन उघडत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी डंगरी आणि जॅकेट मिळतं ते बरं, कमरेत थोडं पाणी जाईल पण बाकी अब्रू वाचेल.

साइज. बरेच युरोपियन सूट उंचीच्या सेंटीमीटरवर येतात, ८६, ९२, ९८ असे. दोन वर्षांच्या मुलाची उंची डब्ल्यूएचओच्या तक्त्यात मध्यावर ८६-८७ येते, त्यामुळे आत स्वेटर धरून बहुतेकांना ९२ बसतो. पुढच्या वर्षीही वापरू म्हणून दोन साइज मोठा घ्यायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण घालून बघितल्यावर आसन गुडघ्यांच्या मध्ये लोंबत होतं आणि ती पेंग्विन झाली होती. पाऊलच लांब टाकता येत नाही. एक साइज मोठा ठीक, त्यावर नको. दुकानात घालून नुसतं उभं करू नका, खाली बसायला लावा, बसल्यावर खांद्याला ताण यायला नको आणि पाय घोट्याच्या वर उघडा पडायला नको.

आमचा सूट अस्तराचा नाहीये, नुसतं पातळ कवच, आणि मला तोच बरा वाटतो. सकाळी गार, दुपारी ऊन, चारला परत थंडी असल्या हवेत आतले कपडे कमी-जास्त करता येतात. आत कॉटन शक्यतो नको, ते घामाने ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगाला गार लागतं, पातळ लोकर किंवा फ्लीस बरं. गरम होतंय की थंडी वाजतेय हे बघायला हात नका बघू, पोरांचे हात गारच असतात, मानेच्या मागे बोटं घाला. तिथे घाम असेल तर एक थर काढा. रबरासारखं कोटिंग असलेले सूट पण मिळतात, ते पाण्याला जास्त पक्के आणि पुसले की साफ, पण आत हवा खेळत नाही, पळणाऱ्या पोराला अर्ध्या तासात घाम फुटतो. नुसतं डबक्यात उड्या मारून घरी यायचं असेल तर ते चालतील, दिवसभराच्या ट्रिपला नाही.

अस्तरवाला जाड सूट ज्यांच्याकडे आहे त्यांनी कारसीटमध्ये बसवताना तो काढाच. जाड भरावावरून पट्टे घट्ट केल्यासारखे वाटतात पण धडक बसली की भराव दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टे लावायचे, मग वरून ब्लँकेट टाकायचं. आम्ही पातळ असूनही काढतोच, कारण तोपर्यंत त्यावर अर्धी बाग चिकटलेली असते.

टोपीला नाडी नको, ही माझी अट होती. अमेरिकेत १९९६ मध्येच लहान मुलांच्या कपड्यांच्या टोपी-गळ्याला नाड्या नकोत अशा सूचना निघाल्या होत्या, खेळण्याच्या साधनांत नाडी अडकून मुलं दगावल्यावर. आमची टोपी बटणांनी लागते आणि कुठे अडकली तर ओढल्यावर सुटून येते. घसरगुंडीवर मी ती काढूनच ठेवते.

रंगाबद्दल मात्र माझं या कंपन्यांशी भांडण आहे. पानगळीचं कलेक्शन म्हणून मोहरी, वीट, चॉकलेटी, शेवाळी हेच रंग, फोटोत काय सुंदर दिसतात! आणि प्रत्यक्षात पिवळ्या-तपकिरी पानांच्या ढिगात तुमचं पोरगं शोधून दाखवा. झाडाने हिरवं क्लोरोफिल आवरून घेतलं की पानात आधीपासूनचा पिवळा-केशरी उरतो, तोच नेमका कॅटलॉगमध्ये. निळा घ्या, भडक गुलाबी घ्या, पानांत जे नसतं ते घ्या. आमचा निळा आहे आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या पण हव्यात, दिवस लवकर मावळायला लागतात आणि परत येताना रस्त्यावर अंधार झालेला असतो.

खिसे दोन आहेत आणि ते मला नसते तरी चाललं असतं. त्यात जे भरलं जातं ते नंतर तोंडात जातं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी अमेरिकेत जे मापाचं नळकांडं वापरतात ते साधारण ३२ मिलीमीटर रुंद असतं, त्यात अख्खी मावणारी वस्तू घशात अडकण्याच्या धोक्याची धरतात, आणि ओकची फळं, खडे, बिया बहुतेक सगळ्या त्यात आरामात मावतात. हॉर्स चेस्टनटची चकचकीत फळं तर विषारी पण असतात. निघायच्या आधी खिसे उलटे करायचे, रडारड झाली तर एक मोठं पान हातात द्यायचं. काडी दिली तर ती कारमध्ये पण येणार.

धुणं सोपं आहे पण फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका, त्याचा थर बसतो आणि वरून पाणी मोत्यासारखं घरंगळायचं ते बंद होतं. चिखल आधी वाळू द्या, झटका, मग बाकीचा ओल्या फडक्याने पुसा, दर वेळी मशीनला टाकलं तर कोटिंग लवकर जातं. काही महिन्यांनी वरचं कापड पाणी प्यायला लागलं आणि आत कोरडंच असलं तर सूट गेला असं समजू नका, फक्त वरचं कोटिंग उडालंय, ते पाणी झटकणाऱ्या स्प्रेने परत देता येतं. नवीन घेताना पीएफएएस-फ्री (पाणी घरंगळावं म्हणून कापडाला लावतात ती निसर्गात सहजी न विघटणारी रसायनं नसलेला) लिहिलेला बघा, फक्त त्यांना हा स्प्रे जरा लवकर लागतो.

वापरलेला मिळाला तर जरूर घ्या, पोरं वर्षभरात बाहेर पडतात यातून. फक्त सूट उलटा करून आतल्या शिवणीवरची टेप बघा, विशेषतः आसनाजवळ आणि गुडघ्याशी. ती पापुद्र्यासारखी सुटत असेल तर फुकट मिळाला तरी नको, घरी बसून ती मीटर-मीटर परत चिकटवणं म्हणजे नसता उद्योग आहे.