सुगंधी डायंथसचं पाकीट: उगवण चोख, सुगंध पाकिटावरच

दसरा झाला की बेळगावच्या बियाणांच्या दुकानांत फुलांची पाकिटं पुढे येतात. त्यातलं ‘सुगंधी डायंथस, मिश्र रंग’ हे पन्नास-साठ रुपयांचं पाकीट भरपूर खपतं. बी ताजं असतं, दहात सात-आठ सहज उगवतात. तक्रार आहे ती ‘सुगंधी’ या शब्दाची.

डायंथस हे एकच फूल नव्हे, त्यात अनेक जाती येतात. स्वस्त मिक्समध्ये बहुतेक चायनेन्सिस जात भरलेली असते: कातरलेल्या पाकळ्या, रंग झकास, वास जवळपास नाहीच. लवंगेसारखा वास असतो तो प्लुमॅरियस आणि कॅरिओफायलसला, म्हणजे आपल्या कार्नेशनला. लवंगेतलं युजेनॉल हे वासाचं द्रव्य या फुलांतही असतं. पाकिटामागे जातीचं नाव नसेल तर वासाची आशा सोडा.

फुलाची वाट न बघताही ओळख पटते. पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की पान बोटाने पुसून बघा. पान अरुंद, निळसर-राखाडी आणि जांभळावर असतो तसा पांढुरका मेणचट थर पुसला जात असेल तर वासाची शक्यता आहे. साधं हिरवं पान म्हणजे चायनेन्सिस. रुंद, गडद पान म्हणजे स्वीट विल्यम, डायंथसचीच आणखी एक जात; त्याच्या जुन्या जाती थंडी खाल्ल्याशिवाय फुलत नाहीत, म्हणजे इथे नुसता पालाच.

पाकिटावर ‘वर्षभर पेरा’ छापलंय. खानापूर-बेळगावच्या पावसात जूनला पेरून बघाच! परतीचा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य, हीच वेळ. उगवणीला १५ ते २१ अंश तापमान मानवतं. बी काळं, चपटं, तिळाहून बारीक. ट्रेमध्ये ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पसरून वर २-३ मिलिमीटरच थर द्यावा. ७ ते १२ दिवसांत कोंब दिसतात. कोंब दिसले की ट्रे लगेच उन्हात हलवा. सावलीत रोपं लांबुडकी होतात, वरून पाणी मारलं की बुडाशी काळी पडून मान टाकतात. ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्या, रोपं एकमेकांना चिकटू देऊ नका.

मातीबद्दल पाकीट चकार शब्द काढत नाही, आणि फसगत इथेच होते. बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी, डायंथसला किंचित चुनखडीची आवडते. दहा इंची कुंडीला तांबडी माती दोन भाग, वाळू एक, जुनं शेणखत एक, आणि लागवडीच्या पंधरा दिवस आधी चहाचा एक चमचा विझवलेला चुना मिसळावा. बैलहोंगल-गोकाककडच्या काळ्या मातीत चुना नको. तिथे वाळू दुप्पट, नाहीतर मूळ कुजतं. युरिया तर अजिबात नको, पानांचा झुबका होतो आणि कळी हरवते.

रोप चार इंचांचं झाल्यावर शेंडा खुडला की फांद्या वाढतात. कुंडीत तीनच रोपं. चायनेन्सिस जानेवारीत फुलायला लागतो आणि सुकलेली फुलं देठासकट काढली तर मार्चपर्यंत चालतो.

रंगांसाठी हे पाकीट पैसे वसूल आहे. वास हवा असेल तर ‘शाबो’ प्रकारचं कार्नेशनचं बी मागा. ते पाच-सहा महिने घेतं, म्हणून ऑक्टोबरच्या पुढे पेरणी ढकलू नका, नाहीतर कळ्या एप्रिलच्या उन्हात करपतात.