युरोपातल्या हॉटेलांसाठी प्लग अडॅप्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली आणि ब्रिटन इथल्या हॉटेलांत तीन प्रकारचे अडॅप्टर काही महिने रोजच्या वापरात होते. पहिला, सरकत्या पिनांचा, ‘सगळ्या देशांत चालतो’ असा छाप असलेला ठोकळा. दुसरा, कडेला अर्थिंगच्या पट्ट्या असलेला गोल जर्मन पद्धतीचा. तिसरा, दोन बारीक पिनांचा चपटा. निकाल आधीच सांगतो : तिघांत महाग असलेला ठोकळा सगळ्यात कमी कामाचा निघाला. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली अशा नेहमीच्या टूरला एक गोल, एक चपटा आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड एवढं सामान पुरतं. दोन्ही अडॅप्टर मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधा. विमानतळावरच्या दुकानात तोच माल कितीतरी पट भावाने मिळतो.

व्होल्टेजची काळजी आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तिकडेही तेच. त्यामुळे ‘कन्व्हर्टर’ म्हणून विकला जाणारा जड डबा युरोपसाठी घ्यायचं काहीच कारण नाही. तो अमेरिका किंवा जपानसाठी, आणि तिथेही चार्जरला लागत नाही, कारण हल्लीच्या जवळजवळ प्रत्येक चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलेलं असतं. प्रश्न फक्त पिनांच्या आकाराचा आहे.

आपल्या ६ अँपिअरच्या थ्री-पिन प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या पिना ५ मिलिमीटरहून थोड्या जाड, आणि वरची अर्थची पिन त्याहून जाड, सुमारे ७ मिलिमीटर. जर्मन सॉकेटची भोकं ४.८ मिलिमीटरच्या पिनांसाठी, तीही दीड-पावणेदोन सेंटिमीटर खोल गोल वाटीच्या तळाशी. अंतर जवळपास सारखंच, १९ मिलिमीटर, म्हणून ‘जोर लावला की बसेल’ असं वाटतं. बसत नाही, कारण अर्थची पिन वाटीच्या प्लास्टिकवर अडते. काही जण जाड पिनांचा टू-पिन प्लग दाबून घुसवतात. तो जातो, पण आतल्या पितळी पट्ट्या फाकतात. मग त्याच सॉकेटमध्ये पुढच्या पाहुण्याचा बारीक पिनांचा चार्जर सैल बसतो आणि तापतो. हॉटेलच्या खोलीत एखादं सॉकेट लटपटतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

बारीक, ४ मिलिमीटरच्या पिनांचा टू-पिन चार्जर मात्र युरोपच्या मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी अडॅप्टरशिवाय थेट चालतो. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच मोबाइल चार्जरना अशाच पिना असतात. ओळख सोपी : पिनांचा मुळाकडचा अर्धा भाग काळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकने झाकलेला असतो, आणि दोन्ही पिना टोकाकडे किंचित आत झुकलेल्या असतात. अडचण पिनांची नसून चार्जरच्या अंगाची आहे. रुंद चौकोनी चार्जर त्या गोल वाटीत शिरत नाही आणि पिनांची फक्त टोकं आत पोचतात. दिवा लागतो, चार्जिंग सुरू झालेलं दिसतं, आणि रात्री कधीतरी हलक्या धक्क्याने सुटतं.

ठोकळ्याचा मुख्य दोष हाच आहे. त्याची बाजू साधारण पाच सेंटिमीटरची, वाटी चार सेंटिमीटरच्या आतली. ज्या ठोकळ्यात पिनांभोवतीचा भाग पुढे उचललेला असतो तो निदान टेकतो. सपाट तोंडाचा मात्र भिंतीला चिकटण्याऐवजी पिनांच्या टोकांवर लोंबकळतो. त्यात वजन पुढच्या बाजूला, त्यावर चार्जर, चार्जरला वायर. भिंतीतल्या उभ्या सॉकेटमधून तो हळूहळू खाली झुकतो. संपर्क अर्धवट राहिला की ठिणगी, ठिणगीने काजळी, काजळीने आणखी गरम. दुसरा दोष काही महिन्यांनी दिसतो : पिना सरकवायची खाच झिजते, कुलूप बसत नाही, आणि सॉकेटमध्ये ढकलताना पिना परत आत जातात. आत वीज नेणारी पट्टी पातळ आणि सरकती असते, त्यामुळे छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्यावरचे यूएसबी पोर्ट बहुधा सगळे मिळून १२ ते १५ वॅट देतात. एक फोन ठीक, तीन लावले की सकाळी तिन्ही अर्धवट.

त्यात एक लहान काचेचा किंवा सिरॅमिकचा फ्यूज असतो, ही ठोकळ्याची चांगली बाजू. पण हेअर ड्रायर लावला की तो उडतो आणि सुटा फ्यूज रात्री दहा वाजता कुठे मिळत नाही. ठोकळा घेतलाच असेल तर डबीत जादा फ्यूज आहे का ते दुकानातच उघडून बघा.

गोल अडॅप्टरकडे येऊ. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, स्पेन इथलं सॉकेट म्हणजे शुको : गोल वाटी, वर-खाली अर्थच्या दोन पितळी पट्ट्या. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये वाटी तशीच, पण अर्थसाठी सॉकेटमधूनच एक पिन बाहेर आलेली असते. ज्या अडॅप्टरला कडेच्या पट्ट्याही आहेत आणि त्या पिनेसाठी भोकही आहे, तो दोन्हीकडे चालतो. तांत्रिक भाषेत सीईई ७/७. नुसत्या पट्ट्यांचा, भोक नसलेला अडॅप्टर बर्लिनमध्ये झक्क बसतो आणि पॅरिसमध्ये त्या पिनेवर आपटून बाहेरच राहतो. दुकानात हे भोक बोटाने चाचपूनच घ्या, कारण पाकिटावर दोन्हींवर ‘युरोप’ एवढंच लिहिलेलं असतं.

घरी आणल्यावर मल्टिमीटरने एक तपासणी करायचीच. मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, एक टोक अडॅप्टरच्या अर्थच्या भोकात (वरचं मोठं) आणि दुसरं कडेच्या पट्टीला. बीप वाजला पाहिजे आणि रोध एक ओहमच्या आत दिसला पाहिजे. मग फ्रेंच पिनेच्या भोकातही तेच. शंभर-दीडशे रुपयांच्या मालात असे नग सापडतात की तीन भोकं आहेत, पट्ट्याही आहेत, पण आत दोघांना जोडणारी वायरच नाही. दिसायला अर्थिंग, प्रत्यक्षात शोभेचं.

अर्थिंग नसल्याचा अनुभव लॅपटॉपवर लगेच येतो. धातूच्या अंगावरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात. चार्जरच्या आत विजेतले अडथळे (नॉइज) गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांतून येणारा अगदी थोडा प्रवाह अर्थला जाऊ शकला नाही की तो लॅपटॉपच्या पत्र्यावर येतो. चार्जर शाबूत असेल तर जीवघेणं नाही, पण थ्री-पिन प्लगच्या वस्तूला अर्थ मिळालाच पाहिजे, त्यात तडजोड नको. ज्या वस्तूवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे तिला अर्थ लागत नाही. मोबाइलचे चार्जर, ट्रिमर, कॅमेऱ्याचे चार्जर बहुतेक त्यातलेच.

स्वित्झर्लंडमध्ये गोल अडॅप्टर कुचकामी. तिथलं सॉकेट षटकोनी खोबणीत असतं, तीन भोकं, मधलं थोडं सरकलेलं, पिना ४ मिलिमीटरच्या. तिथे चपटा लागतो, आणि त्याच्या पिनांच्या मुळाशी सेंटिमीटरभर चपटी षटकोनी मान हवी. तशी नसेल तर तो खोबणीच्या काठावर अडतो. थ्री-पिन लॅपटॉपसाठी तीन पिनांचा खास स्विस अडॅप्टर घ्यावा. तो भारतात सहज मिळत नाही, तिथे पोचल्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. स्विस रेल्वेच्या डब्यांतही हेच सॉकेट आहे, तेव्हा चपटा अडॅप्टर बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा.

इटली सगळ्यात गोंधळाची. तीन भोकं एका रांगेत, आणि मापं दोन : १० अँपिअरला बारीक पिना १९ मिलिमीटरवर, १६ अँपिअरला जाड पिना २६ मिलिमीटरवर. दोन्ही चालणारं ‘बिपासो’ सॉकेट सर्रास दिसतं, त्याची भोकं आठच्या आकड्यासारखी. नव्याने सजवलेल्या हॉटेलांत शुको आणि इटालियन दोन्ही घेणारं सॉकेट असतं, तिथे गोल चालतो. रोम-फ्लोरेन्सच्या जुन्या इमारतींतल्या छोट्या हॉटेलांत मात्र एकाच खोलीत टेबलापाशी एक प्रकार आणि पलंगापाशी दुसरा, असंही असतं. चपटा १० अँपिअरच्या आणि बिपासोच्या भोकांत बसतो, म्हणून इटलीत पहिला तोच काढायचा. जाड पिनांच्या एकट्या सॉकेटला काहीच बसत नसेल तर रिसेप्शनला सांगा. त्यांच्या खणात विसरलेल्या अडॅप्टरांचा ढीग असतो.

चपट्याची मर्यादा नीट लक्षात ठेवायची. ४ मिलिमीटरच्या त्या टू-पिन प्लगचं मानक २.५ अँपिअरचं आहे, म्हणजे २३० व्होल्टला ५७५ वॅट. अडॅप्टरवर ‘१० अँपिअर’ छापलं म्हणून पिना जाड होत नाहीत. चार्जरसाठी ही मर्यादा भरपूर आहे : चार फोन प्रत्येकी २५ वॅट, टू-पिन चार्जरचा एक ६५ वॅटचा लॅपटॉप, कॅमेऱ्याची बॅटरी १० वॅट; सगळं मिळून १७५ वॅट, एक अँपिअरही नाही. म्हणूनच चौघांच्या कुटुंबाला चार अडॅप्टर लागत नाहीत. एक अडॅप्टर, त्यात घरचा दीड-दोन मीटर वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, आणि बाकी सगळं नेहमीच्या पिनांनी बोर्डात. हॉटेलात पलंगाजवळ सॉकेट नसणं ही कायमची तक्रार आहे, तीही याने सुटते. झोपताना श्वासाचं सीपॅप मशीन लावणाऱ्या ज्येष्ठांनी तर बोर्ड न्यावाच, आणि त्यांच्यासाठी अर्थिंगवाला गोल अडॅप्टर वेगळा ठेवावा.

बोर्डाच्या खटक्याबद्दल एक बारकावा. शुको प्लग उलटासुलटा कसाही बसतो, म्हणून फेज कुठल्या पिनेत येईल ते ठरलेलं नसतं. आपल्या बोर्डाचा खटका एकच तार तोडत असेल तर तो बंद असूनही आत फेज जिवंत राहू शकते. चार्जरला फरक पडत नाही, पण बोर्ड उघडायचा किंवा ओल्या हाताने हाताळायचा असेल तर भिंतीतून काढूनच. सॉकेटवर बटण नसण्याचीही सवय करावी लागते. ब्रिटन सोडलं तर भिंतीवर खटका बहुधा नसतोच. बोर्डाचा खटका बंद ठेवून अडॅप्टर भिंतीत लावायचा आणि मग खटका चालू करायचा, की पिना लागतानाची ठिणगी टळते.

आता केटल आणि कुकर. सकाळच्या चहासाठी प्रवासी केटल, खिचडीसाठी छोटा राइस कुकर, क्वचित पाणी तापवायची इमर्शन रॉडही बॅगेत जाते. रॉड १००० ते १५०० वॅटची, बाथरूममध्ये बादलीसकट. ती नेऊच नका. ६०० वॅटची केटलसुद्धा चपट्याच्या मर्यादेबाहेर आहे. गोल अर्थिंगवाल्यात चालते, पण थेट, एक्स्टेन्शन बोर्डाशिवाय. १६ अँपिअरचा मोठा प्लग असलेली केटल या कुठल्याच अडॅप्टरमध्ये बसत नाही, आणि ‘१६ ते ६’ चा कन्व्हर्जन प्लग मध्ये घालून बसवणं म्हणजे कमी ताकदीच्या जोडावर जास्त भार टाकणं. अनेक हॉटेलांत खोलीत स्वयंपाक आणि इस्त्री दोन्हींना मनाई असते. कुकरची वाफ धुराच्या सेन्सरला धुरासारखीच वाटू शकते, मग मजलाभर भोंगा. इंग्लंडमध्ये खोलीत केटल बहुधा असतेच. इटली-फ्रान्समध्ये नसली तर रिसेप्शनला मागून बघा.

कुठलाही अडॅप्टर निघण्याआधी घरच्या भाराखाली पंधरा मिनिटं चालवून हात लावा. कोमट चालेल, बोट टिकत नसेल तर फेकून द्या. पिनांच्या मुळाशी प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालेलं दिसलं किंवा जळका वास आला तरीही तेच.

हॉटेलच्या खोलीतली की-कार्डची खाच हा आणखी एक सापळा. कार्ड काढलं की दिव्यांबरोबर सॉकेटही बंद होतात, आणि दिवसभर चार्जिंगला ठेवलेला पॉवर बँक संध्याकाळी होता तसाच मिळतो. फ्रिजचं सॉकेट बहुतेक चालू राहतं, टीव्हीमागचं कधीकधी. दुसरं कार्ड रिसेप्शन बहुधा देतं. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच न्यायचा. मर्यादा १०० वॅट-अवर, आणि २०,००० एमएएचचा म्हणजे ७४ वॅट-अवर, चालतो.

सॉकेटच्या आत झडपा असल्या (फ्रान्समध्ये त्या सक्तीच्या आहेत) तर एक पिन आधी, एक नंतर असं तिरकं ढकलून उघडत नाहीत. दोन्ही पिना एकदम, सरळ, थोड्या जोराने. पिना वाकलेल्या स्वस्त अडॅप्टरला हे जमतच नाही. काढताना एका हाताने भिंतीवरची चौकट दाबून धरा, जुन्या इमारतींत ती सगळीच हातात येते.

ब्रिटनसाठी वेगळा, तीन चौकोनी पिनांचा. आयर्लंड, माल्टा, सायप्रसलाही तोच, आणि दुबईचंही सॉकेट तसंच असल्यामुळे तो अनेक मराठी घरांत आधीच पडलेला असतो. तिथे लांब अर्थची पिन आत गेल्यावरच खालच्या झडपा उघडतात. अडॅप्टर नाही म्हणून वरच्या भोकात पेन खुपसून टू-पिन घुसवण्याची युक्ती करू नका, झडप मोडते आणि सॉकेट उघडं पडतं. बाथरूममधलं ‘शेव्हर्स ओन्ली’ लिहिलेलं सॉकेट टू-पिन घेतं खरं, पण त्यामागचा ट्रान्सफॉर्मर वीसेक वॅटचा असतो. टूथब्रश आणि ट्रिमर लावा, फोनचा वेगवान चार्जर तिथे नको.