कुरळ्यांसाठी खास ट्रीटमेंट, आणि लावलेली शेंडी

कुरळे केस घेऊन पार्लरमध्ये शिरलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, केस फारच ड्राय झालेत हो." मग रेटकार्ड पुढे येतं. माझ्यापुढे आलं त्यावर 'कर्ल केअर प्रोटीन थेरपी' असं छापलं होतं. कुरळेपणा तसाच राहील, फक्त फ्रिझ, म्हणजे केसांचा पिंजारलेपणा, जाईल, फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन अजिबात नाही, असं मालकीणबाईंनी छातीठोकपणे सांगितलं. दर साडेतीन हजार. नाशिकमधलं चकचकीत पार्लर, एसी, आलं घातलेला चहा. शंका यावी असं काही नव्हतं.

केस धुऊन झाल्यावर तिथली मुलगी आतल्या खोलीत गेली आणि वाटीत पांढरं क्रीम घेऊन आली. बाटली काही बाहेर आली नाही. क्रीमला वास नारळाचा, छान. पण ड्रायर सुरू झाला तसं नाक झणझणलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलीने स्वतः मास्क चढवला आणि एक्झॉस्ट लावला. मी खुर्चीत तशीच. "थोडं होतं मॅडम, प्रोटीन आहे ना." मग इस्त्री निघाली. बारीक बारीक बटा धरून मुळापासून टोकापर्यंत पुन्हा पुन्हा, आणि इस्त्रीवर आकडा 230 अंशांचा. कुरळेपणा राखायचाय तर इस्त्री कशाला, असं विचारलं. उत्तर तयार होतं: "प्रोटीन लॉक करायला."

तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागेही घ्यायचे नाहीत, अशी तंबी मिळाली. काउंटरवर साडेतीनचे नऊ हजार झाले, कारण तो दर म्हणे खांद्यापर्यंतच्या केसांचा. पैसे कुणाच्या तरी खाजगी यूपीआयवर. छापील बिल मागितलं तर "प्रिंटर बंद आहे".

केस धुतल्यावर कुरळेपणा गेलेला होता. "वळण परत येईल, थांबा," असं सांगत त्यांनी मला झुलवत ठेवलं. आता मुळाशी नवे केस कुरळे उगवतात आणि त्याखाली भिजलेल्या सुतळीसारखं काहीतरी लोंबतं. विंचरताना नेमके त्या सांध्यावर तुटतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. कंबरेपर्यंतचे केस परत यायला किती वर्षं लागतील, हा हिशोब मी करत नाही.

ही ट्रीटमेंट म्हणजे नाव बदललेलं स्ट्रेटनिंगच. फॉर्मल्डिहाइड वायू पाण्यात विरघळला की त्याचं मिथिलीन ग्लायकॉल होतं. लेबलवर तेच नाव टाकायचं आणि वर ठळक अक्षरात 'फॉर्मल्डिहाइड फ्री' लिहायचं, ही जुनी चलाखी आहे. तापवलं की तोच वायू पुन्हा बाहेर पडतो, डोळे झोंबतात ते त्यामुळे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये एका कंपनीला अगदी याच मुद्द्यावर ताकीद दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला 2004 पासून माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. मला तर माझ्यापेक्षा त्या मुलीचीच काळजी वाटते, ती दिवसभर तिथे उभी असते.

यावर उपाय म्हणून आता ग्लायऑक्झिलिक ॲसिडवाली क्रीमं आली आहेत. 2024 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका 26 वर्षांच्या तरुणीबद्दल लिहिलं: असं क्रीम लावून केस सरळ केल्यावर दर वेळी तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. त्यामुळे नुसतं 'फॉर्मल्डिहाइड नाही' एवढ्यावर भुलू नका.

बाटली हातात घेऊन वाचल्याशिवाय खुर्चीत बसू नका. माल परदेशी असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक आणि इथल्या आयातदाराचं नाव-पत्ता, देशी असेल तर उत्पादकाचा परवाना क्रमांक लेबलवर असावाच लागतो. मी नंतर हट्टाने बाटली पाहिली तर तिच्यावर नुसतं पोर्तुगीज भाषेतलं स्टिकर, पत्ता कुणाचाच नाही. आणि 'कर्ल'च्या नावाखाली इस्त्री निघाली की तिथेच उठा, केस ओले असले तरी. कुरळ्या केसांना कंडिशनर हवं, ओल्यावर मोठ्या दातांचा कंगवा हवा, रोज शाम्पू नको. यातलं काहीही नऊ हजारांचं नाही.

मालकीणबाईंनी आधी कानांवर हात ठेवले, मग "एक हेअर स्पा फ्री देते" म्हणाल्या. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर अर्धे पैसे परत आले. उरलेल्यांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. छापील बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, रेटकार्डचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुरावा म्हणून जोडता येतं, तेव्हा चॅट डिलीट करू नका.