लायगोचा डेटा की लिसा, मूलभूत भौतिकीसाठी काय धरावं?

गुरुत्वलहरींतून, म्हणजे अवकाशकाळातल्या तरंगांतून, आइन्स्टाइनची थिअरी तपासायची तर या लहरी टिपणारं जमिनीवरचं लायगो धरावं का अवकाशात जाणारं लिसा, हे एमएस्सीची पोरं हल्ली लै विचारतात. त्यात आपल्या हिंगोलीत औंढ्याला लायगो-इंडिया होणार, २०२३ ला २६०० कोटींची मंजुरी पण मिळाली, मग घरचे म्हणतात कामून लांब जातो. खोटं नाही ते. लायगोचा खरा डेटा फुकट मिळतो, पायथॉन येत असलं की साध्या लॅपटॉपवर काम सुरू. २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत तेरा कोटी वर्षांच्या प्रवासानंतर गॅमा किरण गुरुत्वलहरींच्या फक्त १.७ सेकंद मागं राहिले, म्हणजे दोघांचा वेग जवळपास एकच, तेवढ्यावर डार्क एनर्जीच्या कितीतरी थिअऱ्या निकालात निघाल्या. लिसा उडणारच २०३५ च्या आसपास.

तरी मी लिसाकडं वळलो, एका कटकटीपायी. मला रिंगडाऊनमध्ये इंटरेस्ट, म्हणजे टकरीनंतर नवं ब्लॅक होल थरथरत शांत होतं तो शेवट, त्यात दोन सूर वेगळे सापडले तर नो-हेअर थिअरम, म्हणजे ब्लॅक होलची ओळख जवळपास फक्त वस्तुमान आणि फिरकीतच असते हे, तपासता येतं. २०१५ च्या पहिल्या सिग्नलमध्ये हे सगळं चारेक मिलिसेकंदात विरायला लागतं. आता ते सुरू नेमकं कुठून धरायचं? सुरुवात जराशी पुढं सरकवली की दुसरा सूर गायब, मागं घेतली की हजर, मोठमोठ्या लोकांचे पेपरसुद्धा यावर एकमेकांच्या विरोधात. रात्रभर रन लावायचा, सकाळी ग्राफ उघडायचा, आणि उत्तर ब्लॅक होलनं दिलं का माझ्या कट-ऑफनं तेच कळंना. जानेवारी २०२५ चा सिग्नल दणदणीत होता, त्यात बरंच सुधारलं, मान्य. पण तसले क्वचित.

लिसात दहा लाख सूर्यांएवढं ब्लॅक होल असलं की तोच शेवट मिनिटभर चालतो. नुसता लांबला म्हणून फायदा नाही हं, सुरुवातीचा घोळ पण तेवढाच लांबतो. फायदा जोराचा, सिग्नल नॉइजच्या शेकडो पट वर, मग सुरुवात उशिरा धरली तरी हातात पुष्कळ उरतं. शिवाय छोटं ब्लॅक होल मोठ्याभोवती हजारो फेऱ्या मारत आत जातं, त्यातून मोठ्याच्या भोवतीच्या अवकाशकाळाचा नकाशाच मिळतो, आणि ते लायगोच्या चार किलोमीटरच्या भुजांना ऐकूच येत नाही, त्याला लिसाच्या पंचवीस लाख किलोमीटरच लागतात.

त्रास इथंही आहे. आकाशगंगेतल्या श्वेतबटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, जोड्या सगळ्या एकदम बोलतात, आठवडी बाजारात एकाचाच आवाज वेगळा काढायचा तसं. डेटाही सध्या सिम्युलेटेडच.

हार्डवेअर, लेझर, व्हॅक्यूमची आवड असली तर औंढा सोडू नका, माझ्या मते तरी. थिअरी तपासायची असली आणि दहा-बारा वर्षं थांबायची तयारी असली तर लिसा बघा. पहिला पेपर लवकर पाहिजे असला तर लायगोच्या डेटावर करून मग या तिकडं, पायथॉन तिथंपण चालतंच.