डबेवाल्यांकडे डबा लावताय? आधी झाकण बघा

घरचा डबा ऑफिसात पोचवणारी मुंबईची ही सेवा १८९०पासून चालू आहे. तिचं कौतुक इतकं झालंय की नवीन माणूस तिला कुरिअर समजतो, आणि तिथेच बिनसतं. इथे तुमचं स्वयंपाकघरही साखळीतली एक कडी असतं.

डबा सकाळी ठरल्या वेळी दाराशी हवा. नेणाऱ्याकडे तीसेक घरं असतात आणि लोकल ठरलेली. तुमची फोडणी होईपर्यंत तो थांबला तर बाकीच्यांची जेवणं लटकतात. सारखा उशीर करणाऱ्याचा डबा बंद करतात, आणि ते रास्तच आहे.

डबा गोल, उभा, कडीचा घ्या. लांब लाकडी पाटीत पस्तीस-चाळीस डबे खेटून बसतात, आणि ती पाटी लोकलच्या सामानाच्या डब्यात चढवायला अर्धं मिनिटसुद्धा मिळत नाही. पसरट चौकोनी प्लास्टिकचा डबा दोघांची जागा अडवतो. आमटीचा कप्पा गळ्यापर्यंत भरू नका.

खरी गंमत झाकणावर. मधला ठळक आकडा डबा जायच्या भागाचा. कडेला वाटप करणाऱ्याचा आकडा, इमारतीची दोन-तीन अक्षरं आणि मजला. परतीचं स्टेशन रंगावरून, खुणेवरून कळतं. घरचा पत्ता कुठेच नसतो, तो नेणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून झाकणाला तारेची घासणी लावू नका. दोन डबे आलटूनपालटून वापरत असाल तर दोन्ही झाकणं रंगवून घ्या. ऑफिसचा मजला बदलला तर आधी सांगा, नाहीतर डबा इमानदारीत जुन्या मजल्यावर जाईल.

डबेवाल्यांचा वीस-पंचवीस जणांचा गट, वर मुकादम. गटाची कमाई सगळ्यांत सारखी वाटली जाते, त्यामुळे शेजारच्याची पाटी उचलताना हिशेब आड येत नाही. कुणी आजारी पडलं तर गटात जास्तीची माणसं असतात. कामावर टोपी नसली किंवा दारू प्यायली तर दंड.

जेवून झालं की रिकामा डबा ठरल्या जागीच ठेवा. मीटिंगच्या टेबलाखाली राहिला तर उद्याची भाजी कशात भरणार?

आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाणाऱ्यांनी या फंदात पडू नये. पैसे महिन्याचे, अंतराप्रमाणे, शिवाय दिवाळीला एक महिना जास्तीचा धरा. मार्च-एप्रिलमध्ये मंडळी गावच्या जत्रेला मावळ, खेड, जुन्नरकडे जातात. ते पाचेक दिवस डबा स्वतःच न्या.